तुझी सावड, माझी शिट्टी

रजनी,

तुझ्या तुकडीचं काय करायचं, हा विषय तुझ्या दहाव्यालाच निघाला. सोनईला तुमच्या ओट्यावर आम्ही कॉलेजातले सगळे बसलो होतो. आत तुझ्या आईपाशी बायका होत्या. प्राचार्य माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "सुनंदाताई, सोमवारपासून दोन्ही तुकड्या तुम्हीच घ्या. एकत्रच उभ्या करा. शिट्टीवर." त्यांचं काही चुकलं नव्हतं. विद्यापीठाची परीक्षा तोंडावर आलीय आणि आपल्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या आपण दोघीच. त्यातली एक गेली. पण तुझ्या पोरी माझ्या शिट्टीवर उभ्या करायच्या, म्हणजे तू इतकी वर्षं जे उभं केलंस ते एका सकाळीत मोडायचं. त्या ओट्यावर हे मला एकटीलाच कळत होतं.

सोमवारी काय झालं ते सांगायलाच लिहायला बसलेय. पण त्याआधी आपलं भांडण एकदा पहिल्यापासून मांडू दे. तू असताना माझं एक वाक्य कधी धड पुरं होऊ दिलं नाहीस. आता बस ऐकत.

आपण दोघी एकाच जूनमध्ये नगरला रुजू झालो आणि माळीवाड्याजवळ एकाच घरात शेजारी-शेजारी खोल्या घेतल्या. पहिल्या आठवड्यात तू मला फार आवडलीस. दुसऱ्या आठवड्यात मी तुझा तास पाहिला.

कोर्टाच्या एका अंगाला माझ्या पोरी, चार रांगांत, हातभर अंतर ठेवून. मी शिट्टी मारली की चेंडू एकदम जमिनीवर, दुसऱ्या शिट्टीला एकदम हातात. ऐकायलासुद्धा बरं वाटायचं. आणि पलीकडच्या अंगाला तुझ्या पोरी दोन-दोन करून विखुरलेल्या. दोघींत एक चेंडू. एक खेळतेय, दुसरी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघतेय आणि तोंडानं अखंड सांगतेय. खाली सिमेंटवर तू खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं, "पाय, नजर, बोटं." बघणारीनं तेवढंच बघायचं आणि जे दिसलं ते सांगायचं. मग अदलाबदल. आणि तू? तू बोर्डाच्या खांबाला टेकून उभी, जशी काही बसची वाट बघतेयस.

मी तुला म्हटलं, "हा तास आहे की आठवडी बाजार?"

"बाजारच," तू म्हणालीस. "देवाणघेवाण चाललीय. तुझ्याकडं नुसती देवाण."

पुस्तकात माझ्या शिकवण्याला आदेश पद्धत म्हणतात आणि तुझ्या शिकवण्याला परस्पर पद्धत. तू तो शब्द कधी तोंडात घेतला नाहीस. तू म्हणायचीस सावड. तुमच्याकडे शेतात काम निघालं की आज तुझ्या रानात मी राबते, उद्या माझ्या रानात तू ये. मजुरी नाही, उपकार नाही. पाळी फिटली की झालं. लहानपणी तू खुरपायला जायचीस तेव्हा शेजारच्या पातीतली, म्हणजे ओळीतली, बाई तुला सांगायची, "आगं, मूळ ऱ्हायलं बघ," आणि थोड्या वेळानं तिचंही मूळ राहिलेलं तुला दिसायचं. तू त्यातूनच खुरपणं शिकलीस. तिथे कोणी शिट्टी घेऊन बांधावर उभं नव्हतं, हे तू मला किती वेळा ऐकवलंस! प्रत्येक वेळी चहा गार झाला.

आता माझी बाजू. मी वाढले कोपरगावला, साखर कारखान्याच्या भोंग्यावर. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की वडील पाळीवर निघायचे. शाळेत आम्हा विहाराकडच्या वस्तीतल्या पोरींना कोणी मुद्दाम जवळ घेत नव्हतं आणि कोणी उघड हाकलतही नव्हतं. फक्त पी.टी.च्या तासाला सरांची शिट्टी झाली की सगळ्यांनी उंचीनुसार उभं राहायचं. तिथे मी पाटलाच्या मुलीच्या पुढे उभी राहायचे, कारण मी बुटकी होते. म्हणून मी तुला म्हटलं होतं, "रजनी, शिट्टीला जात कळत नाही. तुझ्या जोडीत जिचा आवाज मोठा तिचंच चालणार. आणि आवाज कुणाचा मोठा असतो, ते तुलाही माहीत आहे."

तू हजेरीची वही उघडून जोड्यांची नावं वाचायला लागलीस. 

आणि झालं होतं अगदी तेच. तू पोरींना सांगितलं होतंस, आपापली जोडी आपण निवडा. त्यांनी निवडली. गावाची गावाला, ओळखीची ओळखीला, आणि खोलात गेलं तर त्याच्याही पलीकडचं काही बघून. मंदा उरली. पाथर्डीकडच्या कोरड्या गावातून आलेली, आमच्यातलीच, तोंडातून शब्द न काढणारी मंदा. तिघींच्या एका टोळक्याला ती चिकटली होती आणि चेंडू आणून देण्यापलीकडे तिला काही काम नव्हतं. तुझं लक्ष सगळ्यांच्या पायांकडे होतं, म्हणून हे तुला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू नियमच बदललास. जोडी मी लावणार आणि दर आठवड्याला बदलणार. पहिल्याच आठवड्यात मंदासमोर तू वैशालीला उभं केलंस. वैशाली बागायतदाराची लेक, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. वैशालीनं उडी घेतली, चेंडू बोर्डाला लागून बाहेर गेला आणि मंदा नुसती बघत राहिली. तू लांबून ओरडलीस, "मंदा, काय दिसलं?"

मंदा पुटपुटली, "पाय."

"मला नको सांगू. जिचा पाय तिला सांग."

"तुमचा पाय चुकतोय," मंदा वैशालीला म्हणाली.

"तुमचा न्हाई, तुझा म्हण," तू म्हणालीस. "आणि नुसतं चुकतोय म्हणून भागत न्हाई. कसा टाकायचा ते सांग. तिनं न्हाई ऐकलं तर पाळी पुढं सरकायची न्हाई."

वैशालीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण पाळी अडली होती, पाठीमागे पोरी खोळंबल्या होत्या, आणि मंदानं सांगितला तसा पाय टाकल्यावर चेंडू जाळीत पडला. वैशाली म्हणाली, "आयला, व्हय की!" मी माझ्या रांगांसमोर शिट्टी तोंडात धरून उभी होते आणि वाजवायची विसरले होते. बाई गं, त्या सकाळी मला तुझा एवढा अभिमान वाटला की मी दिवसभर तुझ्याशी तुसडेपणानं वागले. चूक मी दाखवली होती आणि दुरुस्त तू केलीस. माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागतो, हे तुला ठाऊक होतं. तू त्या दिवशी मला एका शब्दानं छेडलं नाहीस.

मग तुझं एम.फिल. निघालं. तुला विषय हवा होता आणि मला तुझं तोंड बंद करायचं होतं. म्हणून दोघींनी मिळून ठरवलं, नव्या वर्षाच्या दोन तुकड्या घ्यायच्या. कौशल्यं तीच. पळत जाऊन रिंगखाली टाकायचा तो ले-अप, भिंतीवरचा पास, खुंट्यांमधून ड्रिबल. तास सारखे, चेंडू सारखे. एक तुकडी माझ्या शिट्टीवर, दुसरी तुझ्या सावडीवर. दिवाळीच्या आधी बाहेरचे परीक्षक येऊन दोन्ही तुकड्यांची चाचणी घेतील. आपण दोघींनी मैदानाच्या बाहेर बसायचं.

बसलो. तू नखं खात होतीस. माझ्या पोरी एकामागून एक येत होत्या, उजवा, डावा, उडी, चेंडू आत. तुझ्या पोरी बिचाऱ्या सवयीनं एकमेकींना सांगायला लागल्या, "आगं नजर वर, नजर वर!" परीक्षक खवळले, "चाचणीत बोलायचं नाही!" आणि गप्प केल्यावर तुझ्या पोरी अशा गांगरल्या की तोंडाला कुलूप म्हणजे हातापायालाही कुलूप. निकाल सरळ होता. माझी तुकडी पुढे, तीही चांगली पुढे.

मी जिंकले होते, रजनी. आणि तुला खरं सांगते, त्या दिवशी मी स्वतःच्या पैशानं सगळ्या स्टाफला भेळ दिली.

तुझे पुण्याचे मार्गदर्शक म्हणाले होते म्हणे, पुन्हा एक चाचणी घ्या, थोडी वेगळी मांडणी करा, निकाल बदलू शकेल. तू नाही म्हणालीस. जे आलं ते तसंच्या तसं लिहिलंस. स्वतःच्या पद्धतीचा पराभव स्वतःच्या प्रबंधात, स्वच्छ मराठीत, कुठेही पांघरूण न घालता. तोंडी परीक्षेला मी तुझ्याबरोबर पुण्याला आले होते, मागे बसले होते. परीक्षकांनी विचारलं, "तुमची पद्धत हरली, तर मग या कामाचा उपयोग काय?" तू म्हणालीस, "सर, आम्ही हिला येतं का एवढंच मोजलं. या मुली उद्या शिक्षिका होणार आहेत. हिला शिकवता येतं का, हे आम्ही मोजलंच नाही. ते मोजायचं राहिलंय हे कळलं, हाच उपयोग."  मागच्या बाकावर माझी छाती फुगली होती. परत येताना एस.टी.त मात्र मी तुला म्हटलं, "आधी स्वतःला यायला नको का? मग दुसऱ्याला शिकवायचं." तू म्हणालीस, "दुसऱ्याला सांगता-सांगताच येतं की." शिरूर आलं, सुपा आलं, नगर आलं, आपलं भांडण संपलं नाही.

ते संपलंच नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना आपण दोन्ही तुकड्यांतून मिळून संघ केला. ले-अप मारायला माझ्या पोरी, पळायला आणि बचाव कापून आत शिरायला तुझ्या. उत्तरार्ध रंगला होता. माझी शकुंतला चेंडू घेऊन रिंगखाली पोचली, समोर कोणी नाही, आणि एवढ्यात शेजारच्या मैदानावर कबड्डीच्या पंचांनी शिट्टी मारली. शकुंतला थांबली. तिच्या मागे माझ्या सगळ्याच पोरी थांबल्या, जागच्या जागी, हातभर अंतर ठेवून. समोरच्या संघानं तिच्या हातातून चेंडू अलगद काढून घेतला, जसा लहान पोराच्या हातातला खुळखुळा घ्यावा. तुझ्या पोरी गळा फाडून ओरडत होत्या, "ए, ती कबड्डीची हाय! आपली न्हाई! पळा!" तोवर पलीकडे बास्केट झाली होती. एका बास्केटनं आपण हरलो.

सगळं मैदान हसलं. तू हसली नाहीस. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तू माझ्या मांडीवर शेंगदाण्यांची पुडी ठेवलीस आणि म्हणालीस, "तुझ्या पोरींचे ले-अप पडले म्हणून एवढ्या जवळ तरी गेलो. न्हाईतर माझ्या पोरी नुसत्याच बोलत बसल्या असत्या." खरंच तसं होतं का, की तू मला सांभाळून घेत होतीस? हे मी तुला कधी विचारलं नाही. शेंगदाणे खाल्ले तेवढे.

मग तुझं आजारपण. दवाखान्यात मी तुला शेवटची भेटले ती दुपार. हाताला सलाइन, ओठ सुकलेले, आणि तू पहिलं काय विचारावंस? "सुनंदे, तुझ्या पोरींचे ले-अप पडत्यात का अजून?"

"पडतात."

"आणि शिकवायला?"

"ते तुझ्या पोरींना जमतं."

"आणि त्यांचे ले-अप?"

"कधी पडतात, कधी नाही."

तू हसायला लागलीस आणि हसता-हसता खोकला आला, तेव्हा नर्सबाई मला रागावल्या. जाताना मला म्हणायचं होतं की माझ्या नोकरीत मला मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट तू आहेस. मी म्हटलं, "पाणी पीत जा." आता म्हणते. तू माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका होतीस. माझ्यापेक्षा चांगली खेळाडू होतीस, हे मी कबूल करणार नाही, पण शिक्षिका होतीस.

दहाव्याला मंदा आली होती. तिच्याच भागात एका शाळेत शिकवते आता, अंगानं भरलीय, आवाज चांगला खणखणीत झालाय. तुझ्या आईच्या पायाशी बसून रडली आणि मग बाहेर येऊन मला म्हणाली, "मॅडम, आमच्या शाळंत रिंगसुदिक न्हाई. भितीवर कोळशानं गोल काढलाय. बॉल एकच. पोरीच पोरींना शिकवत्यात, रजनी मॅडमवानी. मी नुसती बघते."  मग ती थोडी ओशाळून म्हणाली, "पर सुरुवातीला शिट्टी मारावीच लागती, मॅडम. त्याबिगर आमची पोरं गप बसत न्हाईत." रजनी, मला रडताना हसू फुटलं. एक गुण माझा धर.

आता सोमवार.

सकाळी मी शिट्टी गळ्यात घालून मैदानावर गेले. माझी तुकडी रांगेत होती. तुझ्या तुकडीला मी सांगणार होते की यांच्यामागे उभ्या राहा. पण त्या आधीच दोन-दोन करून उभ्या होत्या. सिमेंटवर खडूनं लिहिलेलं होतं, कोणी लिहिलं कोण जाणे, अक्षर तुझं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरुवात केली होती. रडवेल्या होत्या, एक-दोघींचे डोळे सुजलेले दिसत होते, पण तोंडं चालू होती, "पाय बघ. आता नजर. हां, आता बरोबर." तू नव्हतीस आणि तुझा तास चालला होता.

एक मुलगी उरली होती. त्यांची संख्या विषम आहे. उरलेलीच्या जोडीला तू स्वतः उभी राहायचीस, हे मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं तू खांबाला टेकून आराम करतेस, पण या वर्षी तू त्यांच्यात खेळत होतीस आणि माझ्या रांगांच्या नादात मी ते बघितलंच नव्हतं. ती मुलगी सरळ माझ्याकडे आली. नाव अनिता, श्रीगोंद्याकडची, बारीक चणीची. चेंडू पुढे करून म्हणाली, "मॅडम, माझ्या जोडीला कोन न्हाई. तुमी येता का?"

प्राचार्य व्हरांड्यात येऊन उभे होते. माझी तुकडी शिट्टीची वाट बघत होती. मी चेंडू घेतला. फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिले आणि टाकला. विद्यापीठाच्या संघातून खेळलेली बाई मी, पण चेंडू कड्याला लागून बाहेर आला. पोरीनं तो उचलून आणला, छातीशी धरला आणि माझ्याकडे नीट बघितलं. आजवर माझ्या एकाही विद्यार्थिनीनं माझ्याकडे असं बघितलं नाही. मी कुणाला बघूच दिलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचा कोपर भायेर चाललाय."

मला राग यायला हवा होता. मी विचारलं, "मग कसा धरू?"

ती जवळ आली. माझा कोपर तिनं दोन्ही हातांनी धरला आणि आत वळवला, अगदी हळू. तिच्या हाताला खडू होता. व्हरांड्यातून प्राचार्यांनी हाक मारली, "सुनंदाताई, सुरू करायचं ना? शिट्टी?"

मी मागे न बघता म्हटलं, "थांबा सर. अजून माझी पाळी चाललीय."

दोन्ही तुकड्या बघत होत्या. अनितानं चेंडू माझ्या हातात दिला, एक पाऊल मागे सरली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आता परत करून बघा."

मी केलं.